मस्तुरियांची हाक

रायपूरच्या रस्त्यावरून जाणारा मोर्चा कोणाचा, हे झेंड्यावरून कळतं. गाण्यावरून कळेलच असं नाही. धानाला भाव मागणारे शेतकरी असोत, मानधन वाढवा म्हणणाऱ्या अंगणवाडीच्या बायका असोत, की निवडणुकीच्या तोंडावर निघालेली एखाद्या पक्षाची मिरवणूक, टेम्पोवर बांधलेल्या भोंग्यातून एक गाणं हमखास ऐकू येतं : ‘मोर संग चलव रे’. माझ्यासोबत चला, एवढाच त्याचा अर्थ. पन्नासेक वर्षांचं हे गाणं आहे. ज्यांनी ते लिहिलं आणि गायलं ते लक्ष्मण मस्तुरिया ३ नोव्हेंबर २०१८ ला गेले. गाणं मात्र अजून रस्त्यावर आहे.

महाराष्ट्रात मस्तुरियांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. नागपूरपासून रायपूर रेल्वेने पाच तासांवर. १९५६ पर्यंत आपला कारभार एक, मध्यप्रांताची राजधानी नागपूर, आमच्याकडच्या पोरांची कॉलेजंसुद्धा नागपूरला. तरीही अमर शेख, अण्णा भाऊ साठे, वामनदादा कर्डक यांची गाणी पाठ असलेल्या माणसाला शेजारच्या मुलखात त्याच जातकुळीचा एक गाणारा होऊन गेला, याचा पत्ता नसतो. म्हणून हा लेख.

मी रायपूरचीच. तात्यापाऱ्यात वाढले, खैरागढच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठात गाणं शिकले आणि पुढे शाळेत मुलांना पेटीवर सा-रे-ग-म शिकवण्यात नोकरी संपली. आमच्या लहानपणी घरात मराठी, शाळेत हिंदी आणि छत्तीसगढी म्हणजे भांडी घासणाऱ्या बाईची, रिक्षा ओढणाऱ्या माणसाची बोली, असा सरळ हिशेब होता. खेड्यातून शिकायला आलेली मुलंसुद्धा वर्गात छत्तीसगढी बोलायला लाजत. तोंडातून एखादा शब्द निसटला तर बाकीची हसायची. हा हिशेब मोडला तो सरकारने नाही, शाळेने नाही आणि साहित्य संमेलनांनीही नाही. गाण्यांनी मोडला. माझ्या डोळ्यांसमोर मोडला, म्हणून सांगते.

बघेऱ्याच्या मैदानात

मस्तुरियांचा जन्म ७ जून १९४९ चा, बिलासपूरजवळच्या मस्तुरी गावचा. आडनाव गावावरूनच आलं. तरुणपणी ते कविसंमेलनांत छत्तीसगढी कविता म्हणू लागले. त्या काळी संमेलनात छत्तीसगढी कवीला उभं करायचं ते लोकांना हसवायला. गावंढळ नवरा, भांडकुदळ बायको, शहरात आलेला बावळट पाहुणा, असल्या विषयांवर टाळ्या पडायच्या. मस्तुरिया मात्र शेतकऱ्याचं दुःख त्याच्याच भाषेत आणि हसू येणार नाही अशा आवाजात म्हणत.

त्याच सुमारास दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख कलाकार शोधत गावोगाव फिरत होते. नाव वाचून मराठी वाचकाला ते आपल्यातले वाटतील. पण हे देशमुख छत्तीसगढी कुर्मी मालगुजार. गावच्या मालगुजाराला इथे दाऊ म्हणतात. त्यांचे सासरे डॉ. खूबचंद बघेल नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये शिकलेले डॉक्टर, स्वातंत्र्यसैनिक आणि नाटककार. अस्पृश्यतेवर त्यांनी ‘ऊंच-नीच’ हे नाटक लिहिलं, आणि वेगळ्या छत्तीसगढचा विचार पहिल्यांदा नेटाने मांडणाऱ्यांत ते होते. १९६९ मध्ये बघेल गेले. राजकारणातून जे पोहोचत नव्हतं ते रंगमंचावरून पोहोचवायचं, हे देशमुखांनी मनावर घेतलं.

७ नोव्हेंबर १९७१ च्या रात्री बघेऱ्याच्या मैदानात ‘चंदैनी गोंदा’चा पहिला प्रयोग झाला. चंदैनी गोंदा म्हणजे पूजेला वाहतात तो लहान झेंडू. साठेक कलाकारांचा ताफा, उघड्यावर रंगमंच आणि रात्रभर चालणारा कार्यक्रम. गोष्ट म्हणाल तर अगदी साधी, दुखित नावाच्या शेतकऱ्याची. पेरणी, दुष्काळ, सावकार, गाव सोडणं. तिच्या सांध्यासांध्यांतून गाणी. संगीत राजनांदगावजवळच्या ठेकवा गावच्या खुमानलाल साव यांचं. गाणी बहुतेक मस्तुरियांची आणि आवाजांतही मस्तुरिया. त्यांचं वय तेव्हा बावीस. गाणाऱ्यांत भैयालाल हेडाऊ होते. सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’त ओम पुरींना लाकूड फोडायला मदत करू पाहणारा गोंड आठवतो का? तेच हे हेडाऊ.

लोक बैलगाड्यांनी यायचे, गोधड्या घेऊन यायचे, पहाटेपर्यंत हलायचे नाहीत. दुष्काळ त्यांनी भोगलेलाच होता. १९६५-६६ ची सालं ताजी होती. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहून दहा-बारा वर्षं झाली होती, त्यासाठी गावं उठली होती, आणि त्या गावांतली माणसं कारखान्याच्या फाटकाबाहेर रोजंदारी मागत उभी होती. धानाचं कोठार म्हणून मिरवणाऱ्या मुलखातली माणसं वीटभट्टीवर जायला नागपूरची गाडी पकडत होती. हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी त्यांच्या भाषेत, त्यांच्या देखत, मोठ्याने म्हटलं नव्हतं. चंदैनी गोंदाने तेवढंच केलं.

पुढे हीच गाणी आकाशवाणीच्या रायपूर केंद्रावरून घराघरांत गेली. केंद्र १९६३ पासूनचं. संध्याकाळी ‘चौपाल’ लागलं की आमच्या आळीतल्या हॉटेलात कढईजवळचा पोऱ्यासुद्धा रेडिओचा आवाज वाढवायचा. १९७४ साली मस्तुरियांनी लाल किल्ल्यावरच्या कविसंमेलनात छत्तीसगढी कविता म्हटली. दिल्लीत आपली भाषा ऐकली गेली, हे खेड्यापाड्यांत कितीतरी दिवस सांगितलं जात होतं. नंतर मस्तुरिया रायपूरच्या राजकुमार कॉलेजात हिंदी शिकवायला लागले. राजेरजवाड्यांच्या मुलांसाठी निघालेली ही शाळा. दिवसा तिथे हिंदी शिकवायचं आणि रात्री गावच्या मैदानात छत्तीसगढी गायची, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता.

गाणं चालतं कसं

आता थोडं माझ्या धंद्यातलं. गाण्याने माणूस पेटतो, असं सगळेच म्हणतात. पण कशाने पेटतो? पेटीवर बसून ही गाणी उलगडली की काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली म्हणजे चाल. खुमानलालांच्या चाली नव्या वाटत नाहीत. त्या करमा, ददरिया, सुआ, बिहाव गीत यांच्या अंगाने जातात. ददरिया शेतात काम करताना म्हणतात. एका बाजूने बाया, दुसऱ्या बाजूने पुरुष. दोन ओळींचं कडवं, पहिल्या ओळीत झाड-पान-फळ असं काहीतरी यमकापुरतं, दुसऱ्या ओळीत मनातलं. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखंच, फक्त इथे समोरून उत्तर येतं. सुआ दिवाळीच्या सुमारास बाया म्हणतात. टोपलीत धान, त्यावर मातीचा पोपट, भोवती फेर, टाळ्यांचा ठेका. सासरचं दुःख त्या माणसाला सांगत नाहीत, पोपटाला सांगतात. अशी चाल कानावर पडली की ऐकणारा परका राहत नाही. शब्द नवे असले तरी गळा आधीच तयार असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पल्ला. यांतल्या बऱ्याच गाण्यांची धाव पाच-सहा सुरांच्या आतली. वरच्या षड्जावर गायला तालीम लागते. मध्यसप्तकातल्या पाच सुरांत मात्र म्हातारी, पोरं आणि ज्याचा घसा घोषणा देऊन बसलाय तोही गाऊ शकतो. ताल दादरा नाहीतर कहरवा, म्हणजे सहा मात्रा किंवा आठ. आठ मात्रांवर माणसं चालूही शकतात. मोर्चातलं गाणं कहरव्यात का असतं, याचं उत्तर पायांत आहे.

तिसरी गोष्ट ध्रुवपद. ‘मोर संग चलव रे’चं ध्रुवपद म्हणजे थेट हाक. हाक कोणाला? शूरांना नाही, सज्ज होऊन बसलेल्यांनाही नाही. ठेचकाळलेल्यांना, दमलेल्यांना, रस्त्याच्या कडेला पडून राहिलेल्यांना. आणि हाक मारणारा ‘तुम्ही जा’ म्हणत नाही, ‘माझ्यासोबत’ म्हणतो. मी मुलांना हे गाणं शिकवायची तेव्हा एक प्रयोग करायची. एकटीने कडवं म्हणायचं आणि ध्रुवपद मुलांवर सोडायचं. शब्द नीट पाठ नसलेला मुलगासुद्धा ध्रुवपदाला तोंड उघडायचा. दुसऱ्या खेपेला आवाज चढायचा. तिसऱ्या खेपेला मी गाणं थांबवलं तरी वर्ग थांबायचा नाही. मैदानात हजार माणसांचं हेच होतं. ऐकणारा गाणारा झाला की पुढचं पाऊल टाकायला त्याला फारसं समजवावं लागत नाही.

कोठार उघडणारा जमीनदार

रायपूरचा जयस्तंभ चौक हा शहराचा मध्य. १० डिसेंबर १८५७ ला याच जागी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना इंग्रजांनी फासावर चढवलं, असं इथे मानतात. नारायणसिंह बिंझवार आदिवासी. त्यांचे वडील रामराय यांनी १८१८-१९ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचा आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या इंग्रजांचा अंमल झुगारला होता. आपण मराठी माणसं भोसल्यांचं नाव अभिमानाने घेतो, पण सोनाखानच्या बाजूने पाहिलं तर वसुलीला येणारं ते सरकारच होतं. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि हा मुलूख सरळ इंग्रजांकडे गेला. १८५६ मध्ये दुष्काळ पडला. नारायणसिंहांनी कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याचं कोठार उघडून धान्य लोकांना वाटलं. ऑक्टोबरात त्यांना संबलपूरला पकडून रायपूरच्या तुरुंगात टाकलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ते तुरुंगातून निसटले, सोनाखानला जाऊन माणसं जमवली, लढले आणि डिसेंबरात फासावर गेले.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट आम्हाला नव्हती. झाशीची राणी होती, तात्या टोपे होते, नारायणसिंह नव्हते. रायपूरचे कवी आणि इतिहासाचे अभ्यासक हरि ठाकूर यांनी कागदपत्रं धुंडाळून त्यांच्यावर लिहिलं. मस्तुरियांनी ‘सोनाखान के आगी’ हे खंडकाव्य रचलं. सोनाखानची आग. लेख वाचणारे थोडे आणि काव्य ऐकणारे पुष्कळ, हे कोणत्याही मुलखात खरं. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याच्यापर्यंत नारायणसिंह पोहोचले ते असे. भुकेल्यांसाठी कोठार उघडणारा आपल्याच जंगलातला आपलाच माणूस. १९८७ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. आज नव्या रायपूरचं क्रिकेटचं स्टेडियम त्यांच्या नावाचं आहे. पण सरकारला त्यांची आठवण होण्याच्या कितीतरी आधी खाणीतल्या मजुरांना झाली होती.

लाल-हिरवा झेंडा

हे मजूर दल्ली-राजहऱ्याचे. भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या खाणी तिथे आहेत. १९७७ मध्ये ठेकेदारांच्या हाताखालच्या या मजुरांनी स्वतःची संघटना काढली, छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ. नेता शंकर गुहा नियोगी, जन्माने बंगाली, पण बोलणं, राहणं, लग्न सगळं छत्तीसगढी. पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्ल्यांसाठी शंभर रुपये मिळावेत, ही त्यांची एक मागणी. त्यातून उठलेल्या आंदोलनात २ आणि ३ जून १९७७ ला गोळीबार झाला. अकरा जण गेले. त्यांत अनुसुइयाबाई ही मजूर बाई होती आणि सुदामा नावाचा पोरगा होता.

मजुरी वाढली, तशी नवी अडचण समोर आली. वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जाऊ लागला. नियोगींच्या संघटनेने दारूबंदीचं काम हाती घेतलं आणि त्यात बाया पुढे होत्या. फागूराम यादव गाऊ लागले ते याच काळात. खाणीत काम करणारा हा गडी गाणी स्वतः जुळवायचा आणि सभेत स्वतः म्हणायचा. संघटनेचं सांस्कृतिक पथक ‘नवा अंजोर’, म्हणजे नवा उजेड. मस्तुरिया पदवीधर, कॉलेजात शिकवणारे, रेडिओवरचे. फागूराम घमेलं उचलणाऱ्यांतले. दोघांच्या गाण्यांची भाषा एकच, पण काम वेगळं. मस्तुरियांचं गाणं अख्ख्या मुलखाला उद्देशून. फागूरामांचं गाणं समोर बसलेल्या माणसाला उद्देशून, ज्याच्या खिशात आज पगार आहे आणि परतीच्या वाटेवर दुकान आहे.

दारूवर भाषण दिलं की पिणारा मान खाली घालतो आणि उद्या सभेला येत नाही. त्याच्याच चालीत, त्याच्याच घरातली गोष्ट थोड्या मस्करीने, थोड्या कळवळ्याने गाऊन दाखवली तर तो हसतो, शेजारी हसतो, मागच्या रांगेत बसलेली त्याची बायको मोठ्याने हसते. नाचा पाहून वाढलेल्या माणसाला ही रीत नवी नव्हती. नाचा म्हणजे आपल्या तमाशासारखा, गाणं आणि सोंग मिळून रात्रभर चालणारा खेळ. रवेली गावच्या दाऊ मंदराजींनी १९२८ पासून तो बांधेसूद केला, त्यात पेटी आणली. अस्पृश्यतेची टर उडवणारं ‘पोंगा पंडित’ हे सोंग १९३० च्या दशकापासून नाचात होतं. पुढे रायपूरचेच हबीब तनवीर ते रंगमंचावर करायला लागले आणि १९९२ नंतर त्यावर हल्ले झाले. साठ वर्षं खेड्यांत हसत पाहिलेली गोष्ट शहरातल्यांना खुपली. गाणं आणि सोंग बोथट नसतं, याचा हा दाखला.

नियोगींच्या माणसांनी आणखी एक गोष्ट केली. १९७९ पासून त्यांनी १९ डिसेंबर हा वीर नारायणसिंह शहीद दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. सरकारची तारीख १० आणि मजुरांची १९, हा फरक अजून आहे. दल्ली-राजहऱ्यात दर वर्षी हजारो माणसं लाल-हिरवे झेंडे घेऊन जमायची. लाल कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. संघटनेतूनच छत्तीसगढ मुक्ती मोर्चा झाला. वर्गणी काढून, श्रमदान करून मजुरांनी शहीद हॉस्पिटल बांधलं, ते ३ जून १९८३ ला, गोळीबाराच्या दिवशी, सुरू झालं आणि आजही चालू आहे. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या घरात झोपलेल्या नियोगींना गोळी घालून मारलं. पुढच्या वर्षी १ जुलैला भिलाईत रेल्वेरुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन सोळा जण मेले. त्या अंत्ययात्रांतही गाणी होती. मोर्चाचा इतिहास लिहायचा तर भाषणांइतकीच गाण्यांची वही लागेल.

जुनं मूळ

ही रीत मस्तुरियांनी किंवा फागूरामांनी शोधली नाही. छत्तीसगढात तिचं मूळ किमान दोनशे वर्षं मागे जातं. १८ डिसेंबर १७५६ ला गिरौदपुरीला जन्मलेल्या गुरू घासीदासांनी माणूस-माणूस एक, जात नाही, मूर्ती नाही, दारू नाही, असा सतनामचा मार्ग सांगितला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या लाखो माणसांनी तो धरला. तो पसरला पंथी गीतांतून. पांढऱ्या जैतखांबाभोवती मांदर आणि झांजांच्या ठेक्यावर नाचत ही गीतं म्हणतात. सुरुवात संथ, मग लय चढत चढत जाते, नाचणारे एकमेकांच्या खांद्यांवर चढतात. डिसेंबरात रायपूरच्या आसपासच्या कोणत्याही सतनामी वस्तीत जा, हे पाहायला मिळेल. भजन म्हणावं तर त्यात जातीवर घाव आहे, आणि आंदोलन म्हणावं तर त्यात भक्ती आहे. महाराष्ट्रात सत्यशोधकी जलसे आणि आंबेडकरी जलसे यांनी जे केलं, ते इथे पंथीने त्याही आधी केलं.

मराठी वाचकाला दुसरी जवळची तुलना संयुक्त महाराष्ट्राची. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पुढे त्यांच्या पोवाड्यांनी आणि लावण्यांनी मुंबईसह महाराष्ट्राची मागणी गिरणगावातून खेड्यांत नेली. हबीब तनवीर नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन मुंबईला गेले आणि इप्टात सामील झाले तो काळ हाच. एकाच मुंबईत हे सारे वावरत होते. तनवीर परत आले आणि त्यांनी छत्तीसगढच्या नाचा कलावंतांना घेऊन नाटक उभं केलं. १९७३ मध्ये रायपूरला त्यांनी घेतलेल्या नाचा कार्यशाळेतून त्यांच्या कामाला खरी दिशा मिळाली.

जगात इतरत्रही असंच दिसतं. अमेरिकेतलं ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे मुळात चर्चमधलं. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी बायांनी ते आपलंसं केलं, मग काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याने ते जगभर नेलं. चिलीत १९७३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा व्हिक्टर हारा या गायकाला स्टेडियममध्ये डांबून मारलं. राज्यकर्ते गाणाऱ्याला घाबरतात, ते उगाच नाही.

राज्य झालं, पुढे?

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ राज्य झालं. संयुक्त महाराष्ट्रासारखा रक्ताचा लढा त्यासाठी द्यावा लागला नाही. संसदेत कायदा झाला आणि राज्य आलं. पण राज्य मागायला आधी ‘आपण’ असावं लागतं, आणि ते ‘आपण’ १९७१ पासूनच्या तीस वर्षांत घडलं. त्यात चंदैनी गोंदाचा आणि मस्तुरियांचा वाटा कोणत्याही पुढाऱ्याहून कमी नाही, असं मला ठामपणे वाटतं. राज्य झालं त्याच वर्षी ‘मोर छंइहा भुंइया’ हा छत्तीसगढी सिनेमा आला, तुफान चालला. त्यातलीही गाणी मस्तुरियांची. ज्या बोलीला वर्गात हसत होते तिच्यासाठी लोकांनी तिकिटाच्या रांगा लावल्या.

मान-सन्मान झाले. खुमानलालांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये डॉ. नरेंद्रदेव वर्मा यांचं ‘अरपा पैरी के धार’ राज्यगीत ठरलं. सुंदर गीत आहे, त्यात नद्यांचं आणि भूमीचं गुणगान आहे. सरकारने भूमीची स्तुती करणारं गाणं निवडलं, आणि रस्त्याने माणसांना हाक मारणारं.

तरी त्या रस्त्याच्या गाण्याचंही एक झालं आहे. राज्योत्सवाच्या मंचावर, मंत्र्यांच्या स्वागताला, दुकानाच्या उद्घाटनाला तेच वाजतं. ज्यांना उद्देशून हाक होती ते कठड्याबाहेर उन्हात उभे आणि जे कधी पडले नाहीत ते मंचावर टाळ्या वाजवतात. अशा वेळी हाकेचं स्वागतगीत होतं. हा दोष गाण्याचा नाही. कोण गातं आणि कोणासाठी गातं यावरच असल्या गाण्याचा अर्थ ठरतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये हसदेवच्या जंगलातले आदिवासी कोळशाच्या खाणींना विरोध करत सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला राज्यपालांना भेटायला आले. दहा दिवस पायी चाललेल्या माणसांच्या तोंडी ‘सोबत चला’ येतं तेव्हा त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

गाण्याने खाण थांबत नाही, मजुरी वाढत नाही, हॉस्पिटल उभं राहत नाही. ती कामं संघटनेची, वर्गणीची आणि चिकाटीची. दल्ली-राजहऱ्याला नियोगींची संघटना नसती तर फागूरामांची गाणी करमणूक होऊन राहिली असती. पण उलटही तितकंच खरं. घासीदासांपासून नियोगींपर्यंत छत्तीसगढात एकही चळवळ अशी झाली नाही, जी गाण्यावाचून टिकली. माणसाला आधी वाटावं लागतं की माझं दुःख सांगण्याजोगं आहे, माझी भाषा त्याला पुरते, आणि मी एकटा नाही. या तीन गोष्टी पत्रकाने पटत नाहीत. गाण्याने पटतात.

आता एक विनंती. नागपुरात, गोंदियात, गडचिरोलीत, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर छत्तीसगढी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मराठी संस्था शाहिरी महोत्सव भरवतात, लोककला संमेलनं घेतात, आमचं रायपूरचं महाराष्ट्र मंडळही दर वर्षी कार्यक्रम करतं. त्यांत एक संध्याकाळ पंथीला, एक ददरियाला आणि एक मस्तुरिया-फागूरामांच्या गाण्यांना द्या. गाणारे बाहेरून आणायची गरज नाही, ते तुमच्याच गावात विटा वाहत आहेत. त्यांना बोलवा, योग्य मानधन द्या, आणि प्रेक्षकांत त्यांच्या वस्तीतल्या माणसांसाठी पुढच्या चार रांगा राखून ठेवा.